पत्त्यांमध्ये मुरलेलं गाव

अंबरनाथ स्थानकाबाहेर शेअर रिक्षात बसताना पश्चिमेला ‘विमको नाका’ म्हणायचं आणि पूर्वेला ‘बी केबिन’ किंवा ‘शिवमंदिर’. एवढ्यावर रिक्षा सुटते. रोज हजारो तोंडी येणाऱ्या या तीन पत्त्यांत गावाची साडेनऊशेहून अधिक वर्षं सामावली आहेत.

सगळ्यात जुना पत्ता शिवमंदिराचा. गावाला नाव मिळालं ते याच देवावरून. वालधुनी नदीकाठच्या या काळ्या पाषाणातल्या देवळात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहारकालीन शिलालेख आहे. इथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. महाशिवरात्रीला जत्रा भरते आणि त्या दिवशी अख्ख्या शहराची वाहतूक देवळाच्या कलाने चालते.

‘बी केबिन’ हा रेल्वेचा वारसा. सिग्नल आणि सांधे हाताने हलवले जात, त्या काळात स्थानकाच्या दोन टोकांना दोन केबिन असत, एक ‘ए’ आणि दुसरी ‘बी’. आतला माणूस जड खटके ओढायचा, तारा ताणल्या जायच्या आणि दूरवरच्या सिग्नलचा हात खाली यायचा. गाडी कुठल्या रुळावर जाणार, ते त्या खटक्यांवर ठरायचं. केबिनकडे जाणारा रस्ता म्हणून ‘बी केबिन रोड’ हे नाव पडलं आणि टिकलं.

याच काळाची दुसरी खूण काकोळे गावाजवळ आहे. कोळशाच्या इंजिनाला कोळशाबरोबर भरपूर पाणीही लागे. त्यासाठी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने तिथे बंधारा घातला. ही कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, वाफेची इंजिनंही गेली. पण लोक आजही त्या तलावाला ‘जीआयपी टँक’ म्हणतात. आता तिथलं पाणी ‘रेल नीर’च्या बाटल्यांत भरलं जातं. पूर्वी इंजिनाची तहान भागवणारं पाणी आज प्रवाशाची भागवतं.

विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. १९२२ मध्ये सरकारने परदेशी काडेपेट्यांवर जबर आयात कर बसवला, तेव्हा स्वीडनच्या काडेपेटी कंपनीने इथेच उत्पादन करायचं ठरवलं. त्यातून १९२३ मध्ये विमको उभी राहिली आणि अंबरनाथला तिचा कारखाना आला. देशभरातल्या चुली आणि समया पेटवणाऱ्या काड्या इथे तयार होत. आज नाक्यावर उतरणाऱ्या अनेक तरुणांना ‘विमको’ हे कुणाचं तरी आडनाव वाटतं.

या तिन्ही पत्त्यांभोवती मूळची गावं आहेत: मोरिवली, खुंटवली, कानसई, जावसई, बुवापाडा, चिखलोली. ‘वली’ हे शेपूट अभ्यासक ‘पल्ली’ म्हणजे वस्ती या जुन्या शब्दाशी जोडतात. बोरिवली, कांदिवली, डोंबिवली ही त्याच कुळातली. ही नावं सातबाऱ्यावर आहेत आणि गावदेवीच्या पालखीतही आहेत. नव्या गृहसंकुलांच्या कमानींवर मात्र ती क्वचितच दिसतात.

म्हणून चिखलोलीची बातमी मला फार मोलाची वाटते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या नव्या स्थानकाला गावाचंच नाव मिळालं आहे. गाडीत ‘पुढील स्थानक चिखलोली’ अशी घोषणा होईल, तेव्हा एका लहानशा गावाचं नाव रोज लाखो कानांवर पडेल. तीच काळजी नाक्यांच्या बाबतीतही घेता येईल. विमको नाक्यावर आणि बी केबिन रोडवर त्या नावाची कहाणी सांगणारी दोन ओळींची पाटी लावायला फारसा खर्च येणार नाही. तोवर हे काम घरातल्या मोठ्यांचं आहे. रिक्षात शेजारी बसलेल्या नातवाला विमको म्हणजे काय, हे उतरायच्या आत सहज सांगून होतं.