गटाची वही कोणाच्या घरात?



शेतकरी गट असो, बचत गट असो की उत्पादक कंपनी, ती बहुधा पैसा नाही म्हणून बुडत नाही; हिशेब दिसत नाही म्हणून बुडते. वही सचिवाच्या कपाटात असते. ती पाहायला मागावी, तर सचिवाला वाटते आपल्यावर संशय घेतला. न मागावी, तर मनात किंतु राहतो. दोन हंगाम असे गेले की चांगली चाललेली मंडळी एकमेकांच्या ओट्यावर जाईनाशी होतात. या दुखण्यावर उपयोगी पडेल असे एक साधन आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येच आहे. त्याची ओळख करून घेऊ.

या साधनाला 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात. पण हा ढग आभाळातला नव्हे. कंपन्यांनी मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडून ठेवलेले असतात. आपण लिहिलेला मजकूर आपल्या मोबाइलमध्ये न राहता इंटरनेटवरून तेथे जाऊन साठतो. गोदामात माल ठेवून पावती जवळ बाळगावी, तसाच हा प्रकार. मोबाइल विहिरीत पडला तरी वही बुडत नाही. दुसऱ्या मोबाइलवर आपले खाते उघडले की ती पुन्हा समोर येते.

गूगलने असा तक्ता आणि लिखाणाची सोय २००६ साली सुरू केली. कार्यालयांसाठी तयार केलेल्या त्यांच्या संचाला २०२० पासून 'गूगल वर्कस्पेस' म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेही २०११ मध्ये असाच संच बाजारात आणला. मोठ्या कचेऱ्या यासाठी पैसे मोजतात. पण एका माणसाचे साधे गूगल खाते फुकट मिळते आणि त्यात १५ जीबी जागा असते. टपाल, फोटो आणि कागद यांना मिळून ही जागा आहे. गटाच्या हिशेबाला ती भरपूर होते.

आता ही वही कशी चालते ते पाहा. समजा, १८ जणांनी मिळून १२० गोणी खत आणले. सचिवाने 'गूगल शीट्स'मध्ये तक्ता केला: सभासदाचे नाव, गोणी, जमा रक्कम, बाकी. हा तक्ता सर्वांना दाखवताना प्रत्येकाला किती मुभा द्यायची ते ठरवता येते. काहींना नुसते पाहता येईल, काहींना शेरा लिहिता येईल, तर काहींना आकडा बदलता येईल. सचिव आणि खजिनदार या दोघांनाच बदलण्याची मुभा द्यावी. बाकीच्यांनी पाहावे आणि शंका असल्यास शेरा लिहावा. खजिनदाराने तालुक्याला बसून रक्कम लिहिली की गावातल्या सभासदाला ती लगेच दिसते. रेंज नसेल तेथे तक्ता आधीच 'ऑफलाइन' करून ठेवावा. लिहिलेले रेंज आल्यावर आपोआप जाऊन मिळते.

सर्वांत मोलाची सोय म्हणजे 'व्हर्जन हिस्ट्री'. वहीतला आकडा खोडला, तर कोणी आणि केव्हा खोडला ते कागद सांगत नाही. येथे बदलण्याची मुभा असलेल्याने तक्ता संगणकावर उघडला, तर कोणी, कोणत्या दिवशी काय बदलले ते दिसते आणि जुना तक्ता परतही आणता येतो. मात्र त्यासाठी प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातूनच लिहिले पाहिजे. सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरला, तर सगळे बदल एकाच नावावर पडतात आणि ही सोय फुकट जाते.

आता धोके सांगतो, कारण बियाण्याबरोबर तणही ओळखावे लागते.

पहिला धोका मालकीचा. फुकट खात्यात तक्ता ज्याने केला त्याचाच असतो. त्याने तो काढून टाकला, तर तो ३० दिवस कचरापेटीत राहतो; नंतर गेला तो गेला. शिवाय दोन वर्षे मुळीच न वापरलेले खाते गूगल बंद करू शकते. सचिव गाव सोडून गेला किंवा देवाघरी गेला, तर काय? म्हणून दर महिन्याला तक्त्याची प्रत दुसऱ्या सभासदाने उतरवून ठेवावी, आणि सचिव बदलला की त्याच बैठकीत तक्त्याची मालकी नव्या सचिवाकडे द्यावी. उत्पादक कंपनीची उलाढाल वाढली असेल, तर संस्थेच्या नावाने विकत खाते घेण्याचा विचार करावा. संस्थेच्या 'शेअर्ड ड्राइव्ह'मधील कागद व्यक्तीचे नसून संस्थेचे राहतात.

दुसरा धोका उघड्या दाराचा. 'लिंक असेल त्या कोणालाही' दिसेल अशी मुभा देऊ नये. ती लिंक एका गटातून दुसऱ्या गटात कशी जाते ते तुम्ही जाणताच. आधार क्रमांक, बँक खात्याचे क्रमांक या तक्त्यात लिहूच नयेत. पासवर्डबरोबर दुहेरी पडताळणी चालू करावी आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये.

तिसरी गोष्ट शाळेची. 'गूगल क्लासरूम' २०१४ साली आले. अशी खाती शाळेने दिलेली असली, तर ती शाळेच्या ताब्यात असतात. मुलगी दहावी होऊन शाळा सोडणार असेल, तर तिचे निबंध आणि प्रकल्प आधीच उतरवून घ्यायला तिला सांगा.

हेही ध्यानात ठेवा की तक्ता माणसाला प्रामाणिक करीत नाही. आकडा खोटा लिहिला, तर तो खोटाच दिसेल, फक्त सर्वांना दिसेल. म्हणून प्रत्येक रकमेमागे पावती हवी. सह्यांचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षणाची पुस्तके पूर्वीसारखीच ठेवावीत. लेखापरीक्षकाला विचारल्याशिवाय कागदी वही बंद करू नये.

सुरुवात लहान करा. येत्या हंगामात फक्त खतखरेदीचा एक तक्ता ठेवा. गटात लिहिणे-वाचणे जमत नाही असे जे सभासद असतील, त्यांच्यासाठी मासिक बैठकीत तक्ता मोठ्याने वाचून दाखवा. घरातल्या लेकी-सुनांना तो उघडायला शिकवा. शेताचा हिशेब त्यांचाही आहे. वही सगळ्यांच्या हाती आली, की ती मागताना कोणाला संकोच वाटत नाही आणि दाखवताना कोणाचा अपमान होत नाही. गट टिकतो तो एवढ्यावरच.