मेंदूची विषग्रहणशीलता व शारीरिक श्रम

विषारी रसायनांमुळे मेंदूस होणारी इजा केवळ त्यांच्या मात्रेवर अवलंबून नसते. संपर्काच्या वेळी शरीर विश्रांत होते की श्रमत होते व त्यास पूर्वीपासून व्यायामाची सवय होती किंवा नाही, यांवरही ती ठरते. या दोन गोष्टींचे परिणाम बव्हंशी परस्परविरुद्ध असतात.

चाकावर स्वेच्छेने धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत तंत्रिका कोशिकांना (मज्जापेशींना) पोषक असे प्रथिन अधिक प्रमाणात तयार होते. अशा उंदरांना ट्रायमिथिल टिन हे विष दिल्यावर स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकँपस भागातील कोशिकांचा नाश बैठ्या उंदरांपेक्षा कमी होतो, असे अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. याउलट, सक्तीने पोहावयास लावलेल्या उंदरांत रक्त–मेंदू रोध शिथिल होऊन एरवी मेंदूत फारसे न शिरणारे औषध आत गेल्याचे इझ्राएली शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये नोंदविले. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र त्यास दुजोरा मिळाला नाही.

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) व आसपासच्या कपाशीच्या पट्ट्यात हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही. फवारणी पावसाळ्याच्या उत्तरार्धात, दमट उष्म्यात होते. १६ लि.चा भरलेला पंप सु. २० किग्रॅ. भरतो. विश्रांतीत मिनिटास ६ ते ८ लि. हवा घेणारा माणूस अशा कष्टात ३० लि. किंवा अधिक हवा घेतो. त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो आणि घामाने भिजलेल्या कपड्यांखाली कीटकनाशक वेगाने शोषले जाते. कार्बनी फॉस्फरस संयुगे [→ कीटकनाशके] वसाविद्राव्य असल्याने रोध शिथिल न होताही मेंदूत शिरतात. तेथे ती ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे एंझाइम निष्क्रिय करतात. त्यामुळे ॲसिटिलकोलीन साचून झटके येतात व श्वसन थांबू शकते. बळकट मजुरास विष बाधत नाही, ही समजूत निराधार होय. त्याचे श्रमच मात्रा वाढवितात.

घाम, डोकेदुखी, चक्कर ही आरंभीची लक्षणे उन्हाच्या थकव्यासारखीच असल्याने काम थांबविले जात नाही, हा खरा धोका आहे. लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे व स्नायू फडफडणे या खुणांवरून विषबाधा ओळखता येते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या वर्षी कपाशी उंच वाढल्याने फवारा चेहऱ्यावर येत असल्याचे सांगण्यात आले.

लक्षणे दिसताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे व रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे ॲट्रोपीन टोचतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे (स्था. १९६९) ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजी येथे आहे.