घराखाली काय आहे?

खोकला हटत नाही, अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की नेहमीची चौकशी झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारतो : तुमच्या घराखाली किंवा शेजारी काय आहे? लोक जरा चमकतात. पण उत्तरात पुष्कळदा पिठाची गिरणी, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा गाळा किंवा गाड्या रंगवणारे गॅरेज निघते. कोणता धंदा कुठे असावा हा प्रश्न नगररचनेचा खरा, पण त्याचे परिणाम आमच्या दवाखान्यात येऊन बसतात.

आपल्या मीरा-भाईंदरची वाढ कशी झाली ते पाहा. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी ही गावे. भाईंदर, मीरे, नवघर, खारी आणि घोडबंदर या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. विकास आराखडा मात्र मंजूर झाला १९९७ साली. तोवर कितीतरी चाळी, इमारती आणि गाळे एकमेकांना खेटून उभे राहिले होते. आधी घर की आधी गाळा, हा वाद आता घालून उपयोग नाही.

शरीरावर काय होते ते समजून घेऊ. पॉलिशच्या चाकातून धातूचे, कापडाचे आणि पॉलिशचे बारीक कण उडतात. मोठे कण नाकात अडकतात, अगदी बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असते, निकेलने काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते. पिठाच्या धुळीने दमा जडू शकतो, तसाच गाडीच्या रंगातल्या काही रसायनांनीही. सर्वांत जास्त सोसतो तो तिथे काम करणारा कामगार, हेही विसरू नये.

आवाजाचेही तसेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. वीस डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीची ऊर्जा शंभर पट! रोज झोपमोड झाली की रक्तदाब वाढतो, चिडचिड वाढते, मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही.

म्हणून सगळे धंदे वस्तीबाहेर हाकलावेत का? मुळीच नाही. किराणा, शिलाई, औषधांचे दुकान, चप्पल दुरुस्ती ही कामे घराजवळच हवीत. म्हातारी माणसे चालत तिथे जातात, मधुमेह्याचे पाय हलतात, घरी पापड लाटून एखादी बाई संसाराला हातभार लावते. रोजगार गेला तर तब्येतही जाते. प्रश्न धंदा लहान की मोठा हा नसून त्याचा त्रास शेजाऱ्याच्या घरात शिरतो का, हा आहे. त्यासाठी पाच गोष्टी तपासाव्यात : आवाज, धूळ-धूर, रसायने व सांडपाणी, आगीचा धोका आणि मालाच्या गाड्यांची ये-जा. या कसोटीतून आमचे दवाखानेही सुटत नाहीत. वापरलेल्या सुया घरगुती कचऱ्यात टाकणारा दवाखाना वस्तीत नकोच.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ पासून आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांना ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना देता येतात. अशा वेळी आपण फक्त आपल्या इमारतीवरून रस्ता जातो का, एवढेच पाहतो. शेजारच्या मोकळ्या जागेला कोणता रंग दिला आहे, तेही पाहावे. उत्तन, राई, मुर्धे या बाजूला अजून गावपण टिकून आहे. तिथे घरे दाटण्याआधीच गाळ्यांची जागा वेगळी राखली, तर दोघांचेही भले होईल.

जिथे गाळे आधीच आहेत, तिथे मालकाशी सामोपचाराने बोलावे. धूळ ओढून घेणारे यंत्र, मशीनखाली रबराचे जाड पॅड, रात्री काम बंद आणि कामगारांना योग्य मास्क, एवढ्याने बराच फरक पडतो. ऐकलेच नाही तर महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर शेजाऱ्याला दोष देण्याआधी थुंकी तपासून क्षयरोग नाही ना, याची खात्री करा. शिवाय त्रास कधी वाढतो आणि कधी कमी होतो, ते वहीत लिहून ठेवा. साप्ताहिक सुट्टीला किंवा गावी गेल्यावर बरे वाटत असेल आणि परतल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर ती वही डॉक्टरांना जरूर दाखवा. नुसते औषध बदलून असा खोकला जात नाही.