हस्तनियंत्रक, टिग वितळजोडकामातील

टिग (टंगस्टन अक्रिय वायू) वितळजोडकामात टॉर्चच्या मुठीवर बसविलेल्या व बोटाने चालविल्या जाणाऱ्या ज्या साधनाने जोडकाम चालू असतानाच विद्युत् प्रवाह कमीजास्त करता येतो, त्यास हस्तनियंत्रक म्हणतात. हेच कार्य पायाने दाबावयाच्या पेडलनेही होते. त्यास येथे पदनियंत्रक म्हटले आहे. टेबलाशी बसून करावयाच्या कामात पदनियंत्रक अधिक सोयीचा ठरतो, कारण हातांना केवळ टॉर्च आणि भरण सळई सांभाळावी लागते. मात्र शिडीवर उभे राहून, टाकीत वाकून किंवा नळीखाली आडवे पडून काम करताना पाय मोकळा नसतो. तेथे हस्तनियंत्रकच वापरावा लागतो.

टिग पद्धतीचे आजचे रूप अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास सिद्ध केले. मॅग्नेशियमाचे भाग जोडण्यासाठी त्यांनी टंगस्टनचे विद्युत् अग्र व हीलियम वायू यांचा उपयोग केला आणि त्यांच्या टॉर्चला १९४२ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. पुढे हीलियमाऐवजी बहुतेक कामांत आर्‌गॉन वापरात आला.

या पद्धतीत टंगस्टनचे अग्र स्वतः वितळत नाही. अग्र व कार्यवस्तू यांमधील प्रज्योतीने धातूचे लहानसे थारोळे तयार होते आणि गरजेप्रमाणे त्यात भरण सळई बुडवितात. प्रज्योतीची लांबी थोडी बदलली, तर विद्युत् दाब बदलतो; प्रवाह मात्र जवळजवळ स्थिर राहावा अशीच यंत्राची रचना असते. त्यामुळे धातू फार तापला म्हणून टॉर्च दूर नेणे हा उपाय होत नाही. तसे केल्यास थारोळे पसरते, वायूचे आवरण विस्कटते व जोड काळवंडतो. उष्णता आवरण्याचा खरा मार्ग म्हणजे प्रवाह कमी करणे. नवशिके कारागीर टॉर्चच्या गतीनेच सारे साधू पाहतात. गतीने काही प्रमाणात निभावते. पण जोडाच्या शेवटी, टॉर्च थांबविणे भागच असते तेव्हा, गती कामाला येत नाही.

हा शेवटचा क्षण किती महत्त्वाचा आहे, हे दुग्धशाळेतील नळ्यांवरून चांगले समजते. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द हे गाव आहे. तेथील शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय २००९ मध्ये सुरू झाले. पुणे–नाशिक महामार्गावर मंचरजवळ जो अवसरी फाटा आहे, तेथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्स या कंपनीची मोठी दुग्धशाळा आहे. अशा कोणत्याही दुग्धशाळेत दूध अगंज (स्टेनलेस) पोलादाच्या नळ्यांतून वाहते. या नळ्या सामान्यतः ३८, ५१ किंवा ६३·५ मिमी. बाह्य व्यासाच्या आणि सुमारे १·६ मिमी. जाडीच्या असतात. त्या रोज उघडून घासणे शक्य नसते. जागच्या जागीच त्यांतून प्रथम कॉस्टिक सोड्याचा कढत विद्राव व नंतर नायट्रिक अम्लाचा सौम्य विद्राव फिरवून त्या धुतात. हे धुणे परिणामकारक होण्यासाठी नळीचा आतील पृष्ठभाग गुळगुळीत असला पाहिजे. जोडाच्या आत टाचणीच्या टोकाएवढे छिद्र किंवा खळगा राहिला, तर विद्राव तेथे नीट पोहोचत नाही. दुधाचा चिवट थर साचतो, त्याखाली सूक्ष्मजंतू तग धरतात आणि पाश्चरीकरण झालेले दूधही पुढे त्याच नळीतून जाताना पुन्हा दूषित होते. बाहेरून रुपयासारखा चकचकीत दिसणारा जोड आतून असा असू शकतो.

हा खळगा बहुधा जोडाच्या समाप्तीला पडतो. प्रवाह एकदम बंद केला, तर थारोळे कडेकडून मध्याकडे झपाट्याने गोठते. धातू गोठताना आकुंचन पावतो, मध्यभागी भरून येण्यास द्रव धातू उरत नाही आणि तेथे पोकळी अथवा चीर राहते. ॲल्युमिनियमाच्या काही मिश्रधातूंत ही चीर हमखास दिसते. प्रवाह काही सेकंदांत हळूहळू उतरविला, तर थारोळे लहान लहान होत जाते व शेवटचा थेंब भरण सळईने भरता येतो. प्रज्योत विझल्यावरही आर्‌गॉन काही सेकंद वाहू द्यावा लागतो. तोवर टॉर्च जागेवरून हलवू नये.

जागेवर पक्क्या असलेल्या आडव्या नळीभोवती जोड घालताना आणखी एक अडचण येते. तळाशी काम डोक्यावरच्या छतासारखे, बाजूला उभे व माथ्यावर सपाट असते. शिवाय पातळ नळी फेरा पूर्ण होईपर्यंत चांगलीच तापते. पोलादाच्या प्रत्येक मिमी. जाडीस सुमारे ४० अँपिअर असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात. त्यानुसार १·६ मिमी. जाडीस सुमारे ६० अँपिअर येतात. परंतु सुरुवातीला जेवढा प्रवाह योग्य असतो, तेवढाच फेऱ्याच्या अखेरीस ठेवला, तर नळी आतून लोंबते. अति उष्णतेने क्रोमियमाचे संयुग कणांच्या सीमांवर साचून पोलादाची गंजरोधकताही घटू शकते. नळीच्या आत आर्‌गॉन भरून ठेवणे हा याबरोबर पाळावयाचा नियम आहे. तो न पाळल्यास आतील बाजू करपून साखरेच्या खड्यांसारखी खरबरीत होते आणि कोणताही नियंत्रक ते टाळू शकत नाही. नव्या उभारणीत हे काम नळीभोवती आपोआप फिरणारी यंत्रे करतात व प्रवाहाची पातळी प्रत्येक टप्प्याला स्वतःच बदलतात. दुरुस्ती, अडचणीची जागा आणि लहान कंत्राटदाराचे काम मात्र हातानेच होते.

प्रकार : सर्वांत साधे साधन म्हणजे दाबकळ. ती खरे तर प्रवाहाचे नियंत्रण करीत नाही, फक्त चालू-बंद करते. चार टप्प्यांची सोय असलेल्या यंत्रात कळ दाबून सोडली की प्रवाह चढत जाऊन ठरविलेल्या पातळीवर स्थिरावतो आणि पुन्हा दाबली की ठरलेल्या वेळात उतरतो. एकसारख्या, वारंवार करावयाच्या जोडांना ही व्यवस्था पुरेशी व स्वस्त पडते. पण उताराचा वेळ आधी ठरलेला असल्याने अनपेक्षित प्रसंगी कारागिराला काही करता येत नाही. दुसरा प्रकार फिरत्या चाकाचा. चाक मुठीच्या लांबीशी आडवे किंवा समांतर फिरते व प्रवाह शून्यालगतपासून कमाल मर्यादेपर्यंत सलग बदलतो. तिसऱ्या प्रकारात चाकाऐवजी मुठीवर पुढेमागे सरकणारी कळ असते. काही टॉर्चवर ‘अधिक’ व ‘उणे’ अशी दोन बटणे असतात; त्यांनी प्रवाह पायरीपायरीने बदलतो. पातळी आधी लावून ठेवण्यास ती ठीक, थारोळे विझविताना अपुरी. बिनतारी नियंत्रकही मिळतात. त्यांत तारेचे ओझे नसते, परंतु विद्युत् घट ऐन कामात उतरणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

विद्युत् जुळणी : चाक किंवा सरकती कळ यांच्या पोटात तीन टोकांचा बदलता रोधक असतो. यंत्र त्याच्या दोन टोकांना अल्प संदर्भ दाब पुरविते (अनेक यंत्रांत तो १० व्होल्ट असतो) आणि मधल्या सरकत्या टोकाकडून परत येणाऱ्या दाबाच्या प्रमाणात मुख्य प्रवाह ठरवते. मुठीतून जोडकामाचा प्रवाह जातो तो वेगळ्या, जाड केबलमधून. नियंत्रकाच्या बारीक तारांतून नव्हे. या तारा सामान्यतः पाच असतात : तीन रोधकाच्या व दोन चालू-बंद कळीच्या.

खरेदीत सर्वाधिक फसगत येथे होते. रोधकाचे मूल्य उत्पादकागणिक १,००० ओहम, १०,००० ओहम असे भिन्न असते आणि जोडणीच्या खुंट्यांची संख्या व क्रमही सारखा नसतो. खुंटी बसली म्हणजे नियंत्रक जुळला असे समजू नये. योग्यतेपेक्षा कमी रोध असेल, तर संदर्भ दाब खाली येऊन पूर्ण प्रवाह न मिळण्याचा संभव असतो. फार जास्त असेल, तर प्रवाह बराच वेळ मंद राहून शेवटी एकदम उसळू शकतो. रोधक रेषीय जातीचा हवा. रेडिओच्या आवाजाचा बदलता रोधक दिसायला तसाच असतो व दुरुस्तीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. पण त्याचा रोध बोटाच्या हालचालीच्या प्रमाणात बदलत नाही. टोकांच्या तारा उलट जोडल्या गेल्यास चाक सोडताच प्रवाह कमाल होतो. म्हणून यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील मूल्य व खुंट्यांचा क्रम पाहून, बहुमापकाने (मल्टिमीटरने) तपासूनच जोडणी करावी. चाक सावकाश फिरविताना रोध कोठेही न अडखळता बदलला पाहिजे. घासकामाची धातूची धूळ आत शिरल्यास तो जुना झाल्यावर अडखळू लागतो. तेव्हा साफ करीत बसण्यापेक्षा रोधक बदलणे इष्ट.

निवड : पहिला विचार मुठीचा करावा. लेखणीसारखा टॉर्च धरणाऱ्याचे तर्जनीचे टोक जेथे आपोआप टेकते, तेथे चाक यावे. सुमारे १२५ ते १५० अँपिअर पेलणाऱ्या वायुशीतित टॉर्चची मूठ बारीक असते. तिच्यावर जाड नियंत्रक पट्ट्याने बांधला, तर पकडच बदलते. टंगस्टनचे टोक धातूपासून जेमतेम दीड-दोन मिमी.वर असते. चाक फिरविताना ते हलले, तर थारोळ्यात बुडून मलिन होते. यासाठी विकत घेण्यापूर्वी वीज न जोडलेला टॉर्च नेहमीचे हातमोजे घालून हाती घ्यावा, नळीच्या तुकड्याभोवती पूर्ण फेरा मारावा आणि तळाशी मनगट उलटे झाले असतानाही चाक शेवटपर्यंत फिरते का ते पाहावे. अनेकांना असे आढळते, की मुठीला आडवे फिरणारे चाक बोट न उचलता चालविता येते; समांतर चाकाला बोट मागे ओढावे लागते व त्याबरोबर टोकही सरकते. लहान हाताच्या कारागिराला सरकती कळ अधिक मानवते. याबाबत दुसऱ्याच्या शिफारशीपेक्षा स्वतःचे मनगट अधिक विश्वसनीय होय.

बहुतेक यंत्रांत समोरच्या फलकावर लावलेला प्रवाह हीच हस्तनियंत्रकाची कमाल मर्यादा होते. फलकावर २०० अँपिअर ठेवल्यास चाकाच्या दहाव्या हिश्शाने २० अँपिअर बदलतात; ८० ठेवल्यास केवळ ८. पातळ नळीसाठी लागणाऱ्या प्रवाहापेक्षा थोडीच अधिक मर्यादा ठेवली, तर साधा नियंत्रकही सूक्ष्म वाटतो. महागडा नियंत्रक घेऊनही थारोळे ताब्यात येत नाही अशी तक्रार असल्यास प्रथम हा आकडा पाहावा. ॲल्युमिनियमासाठी मात्र सुरुवातीला बराच अधिक प्रवाह लागतो, कारण तो उष्णता झपाट्याने दूर वाहून नेतो. तेथे मर्यादाही त्या प्रमाणात वर ठेवतात व भाग तापताच चाक मागे घेतात.

नियंत्रकाची तार टॉर्चच्या केबलबरोबर एकाच आवरणात घ्यावी आणि तिचे वजन खांद्यावर किंवा कोपरावर तोलावे. दिवसभराच्या कामात मनगट दुखते ते बहुधा या ओढीने. उच्च कंप्रतेने प्रज्योत पेटविणाऱ्या यंत्रात तारेचे निरोधन फाटके असता कामा नये. टंगस्टन बदलण्यापूर्वी किंवा टॉर्च खाली ठेवण्यापूर्वी यंत्र बंद करावे, कारण मुठीवरील कळ गुडघ्याने वा सळईने नकळत दाबली जाऊ शकते व प्रज्योत अनपेक्षित जागी पेटते. पदनियंत्रकात हा धोका पेडलजवळ असतो; येथे तो हातातच असतो.