दुसऱ्या खोक्याचा भार

गिटारच्या काँबो ॲम्पला जादा स्पीकर कॅबिनेट जोडायचं म्हटलं की चर्चा वॅटपासून सुरू होते. ती गैरलागू नाही. कॅबिनेटची कुवत ॲम्पपेक्षा कमी असेल तर स्पीकरची कॉइल जळते. पण वॅट चुकले तर बहुधा स्पीकरवर भागतं, ओहम चुकले तर ॲम्पच बसू शकतो. म्हणून आधी पाहायचा तो भार, आणि तो कोणत्या जातीच्या ॲम्पवर टाकतोय हे.

फेंडर कंपनीचा १९६३ सालचा डिलक्स रिव्हर्ब घ्या : २२ वॅट, १२ इंची एकच स्पीकर, ८ ओहमचा. मागे दोन जॅक, एक आतल्या स्पीकरचा, एक जादा स्पीकरचा, आणि दोन्ही समांतर जोडलेले. ८ ओहमचं कॅबिनेट लावलं की एकूण भार ४ ओहमवर येतो. १६चं लावलं तर ५.३३वर, आणि दोन-तृतीयांश ताकद आतला स्पीकरच घेतो. व्हॉल्व्ह स्पीकरला थेट चालवत नाहीत, मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतका भार मोठा होऊन व्हॉल्व्हना दिसतो. इथे ८ ओहमचे सुमारे ६,६०० होतात, ४चे त्याच्या निम्मे. जुने फेंडर हा फरक सोसतात, म्हणून तर तो जॅक दिलाय. पण ही त्या ॲम्पची सवलत झाली, सगळ्या व्हॉल्व्ह ॲम्पचा नियम नव्हे. ज्या ॲम्पवर ४, ८, १६ निवडायचा स्विच असतो, तिथे तो एकूण भाराशी जुळवलाच पाहिजे.

याच ॲम्पमध्ये एक खोच आहे. मुख्य जॅकमधली पिन काढली की तो आउटपुट शॉर्ट करतो. त्यामुळे आतला स्पीकर सोडवून कॅबिनेट नुसतंच जादा जॅकमध्ये खुपसलं तर आवाजच येत नाही, आणि माणूस उगाच स्पीकरवर संशय घेत बसतो. एकटं कॅबिनेट वाजवायचं तर ते मुख्य जॅकमध्येच लावावं. ही रचना मुद्दाम केलेली आहे. भाराविना वाजणाऱ्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरातल्या ऊर्जेला वाट मिळत नाही, व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. त्यापेक्षा थोडा वेळ शॉर्ट परवडला.

ट्रान्झिस्टर ॲम्पचं गणित उलटं. रोलंडच्या १९७५च्या जेसी-१२०सारख्या ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो. स्पीकर काढला तर सहसा बिघडत नाही. भार ठरलेल्या किमान ओहमखाली गेला की करंट वाढून आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात, जळतात. व्हॉल्व्हवाल्याचा ‘निम्म्या ओहमवर चालतं’ हा सल्ला इथे घातक ठरतो.

‘आम्ही कसंही लावलं, काही झालं नाही,’ असं कुणी म्हणेल. खरं असेलही, खोलीत हळू वाजवताना चुकीचा भार निभावून जातो, त्याची वसुली कार्यक्रमात पूर्ण आवाजावर होते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : ८ ओहमच्या स्पीकरवर मीटर साडेसहाच्या आसपास दाखवतो, मग या आकड्यांना अर्थ काय? मीटर कॉइलचा डीसी रोध मोजतो, इम्पिडन्स तर सुरागणिक बदलतो. छापलेला ८ हा ढोबळच आकडा. तरी पाटी पुसलेलं कॅबिनेट ४चं, ८चं की १६चं, एवढं मीटर नक्की सांगतो, आणि निर्णयाला तेवढं पुरतं.

गिटारची लीड मात्र इथे अजिबात वापरू नये. पिन तीच असली तरी आतली तार बारीक असते, आणि ४ ओहममध्ये २२ वॅट म्हणजे सव्वादोन अँपिअरहून जास्त करंट. ती तुटली की व्हॉल्व्ह ॲम्प पुन्हा भाराविना. जाड दोन तारांची स्पीकर केबल घ्यावी आणि ॲम्प बंद असतानाच जोडावी. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेला हलतात का पाहावं. उलटे हलले तर ॲम्पला धोका नाही, पण खर्ज एकमेकांत जिरतो आणि कॅबिनेटचा खर्च वाया जातो.