आधी सोडायला शिका

पहाटे पावणेसहाला प्राणायामाच्या वर्गात शिरलं की पहिला आवाज कानावर येतो तो ब्लँकेटं झटकल्याचा. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीतली ही तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. भिंतीलगत करड्या ब्लँकेटांची चळत, कोपऱ्यात लाकडी ठोकळे, आणि एका टोपलीत खादीच्या छोट्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत अर्धा किलो तांदूळ, तोंड शिवून टाकलेलं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी मला उताणं झोपवलं, ब्लँकेटाची लांब, अरुंद घडी पाठीच्या कण्याखाली सरकवली, दुसरी डोक्याखाली दिली आणि एक पिशवी बेंबीच्या किंचित वर ठेवली. म्हणाल्या, “आता काही करायचं नाही. पिशवी काय करतेय तेवढं बघायचं.”

पिशवी जवळपास काहीच करत नव्हती. मी श्वास घेतला की खांदे कानांकडे सरकत, गळ्याखालची हाडं वर येत आणि तांदूळ जागच्या जागी राहत. वीस वर्षं वर्तमानपत्रात मजकूर तपासण्याचं काम केलेली मी; रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी छाती धावायची थांबत नसे, म्हणून इथे आले होते. ते धावणं नेमकं कुठे चालतं, हे त्या अर्ध्या किलो तांदळानं मला पहिल्या पाच मिनिटांत दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी घड्याळ लावून एका मिनिटातले श्वास मोजायला सांगितले. माझे सतरा भरले. स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे साधारण बारा ते वीस असतात, त्यामुळे आकड्यात वावगं काही नव्हतं. आपल्या परंपरेतही एक हिशेब आहे: दिवसरात्र मिळून माणूस 21,600 श्वास घेतो, आणि आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’ असा जप न जपताच चालू राहतो. म्हणून तो अजपा जप. भागाकार केला तर मिनिटाला बरोबर पंधरा येतात. “आकडा लक्षात ठेवा, पण कमी करायला जाऊ नका,” ताई म्हणाल्या. “तो आपोआप उतरेल.”

पहिले दोन आठवडे फक्त बघणं. ऐकायला सोपं, करायला अवघड. कारण लक्ष गेलं रे गेलं की श्वास बदलतो. कोणी फोटो काढायला लागलं की चेहरा बदलतो ना, तसा. ताई तीनच प्रश्न विचारत. श्वास कुठे सुरू होतो? कुठे संपतो? आणि संपल्यावर काय होतं? पहिल्याचं उत्तर लवकर सापडलं: नाकपुड्यांच्या आतल्या कडेला, जिथे आत येणारी हवा गार लागते. दुसऱ्याला चार दिवस लागले. बाहेर जाणारा श्वास कोमट असतो, वरच्या ओठाला पुसटसा लागतो, आणि मी तो कधीच पुरता बाहेर जाऊ देत नव्हते. संपायच्या आधीच पुढचा आत ओढत होते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देताच आलं नाही, कारण माझ्या दोन श्वासांमध्ये जागाच नव्हती.

इथेच या शिक्षणाची किल्ली आहे, असं आता मला वाटतं. आपण ‘श्वास घेणे’ म्हणतो आणि सगळं लक्ष घेण्यावर जातं. ताईंचा सगळा भर सोडण्यावर. घेणं म्हणजे पूरक, सोडणं म्हणजे रेचक. “रेचक नीट झाला की पूरक आपणहून येतो. रिकाम्या घागरीत पाणी शिरतं तसा. भरलेल्या घागरीत किती ओताल?” तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रेचक खरंच शेवटापर्यंत गेला. पोट मऊ होऊन आत गेलं, बरगड्या मिटल्या, एक क्षण काहीच झालं नाही, आणि मग मी काही न करता पिशवी वर उचलली गेली. हळू, सरळ, पाणी चढतं तशी. डोळे मिटलेले होते, पण तांदळाचा एकेक दाणा पिशवीत सरकल्याचं पोटाला कळलं.

शरीरात काय घडतं तेही ताईंनी फळ्यावर काढून दाखवलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा स्नायूचा पडदा असतो, श्वासपटल. श्वास घेताना तो खाली दबतो, पोटातले अवयव पुढे सरकतात, पिशवी उचलली जाते. साध्या श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत येते, पण त्यातली सुमारे दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळ्यांमध्येच राहते. वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक श्वासाला हा वाटखर्च ठरलेला. श्वास उथळ आणि भरभर असले की बरीचशी मेहनत या वाटखर्चातच जाते. संथ, खोल श्वासात तीच मेहनत सत्कारणी लागते.

मग उज्जायी. ती शिकायला चष्म्याची काच लागते. काच तोंडासमोर धरायची, पुसण्याआधी ‘हाऽ’ करून वाफ देतो तशी द्यायची, आणि मध्येच ओठ मिटून तीच ‘हाऽ’ नाकातून सोडायची. घशात किंचित आकुंचन राहतं आणि हवा तिथे घासून समुद्राची गाज दुरून यावी तसा आवाज करते. हा आवाज म्हणजे श्वासाला लावलेला नळ. घसा थोडा आवळला की धार बारीक होते आणि बारीक धार जास्त वेळ पुरते. माझ्या शेजारी बसणारे काका हौसेनं मोठा आवाज काढत. ताई त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, “काका, शेजाऱ्याला ऐकू येतोय. तुम्हाला एकट्याला ऐकू आला पाहिजे.” काकांनी आवाज उतरवला आणि त्यांच्या कपाळावरची आठी त्याच क्षणी गेली. आम्ही सगळ्यांनी ती जाताना पाहिली.

दीड महिन्यानंतर आम्ही उठून बसलो. दोन ब्लँकेटांची उंच घडी, नितंब तिच्या कडेवर, गुडघे खाली, कणा ताठ पण ताणलेला नाही. गुडघे कुरकुरणाऱ्यांना खुर्ची. झोपून साधलेला श्वास बसल्यावर पुन्हा वर सरकला आणि तो खाली उतरवण्यात एक आठवडा गेला. त्यानंतर मोजणी: चार मात्रा आत, चार बाहेर. पुढे चार आत, सहा बाहेर. शेवटी चार आत, आठ बाहेर. मात्रा सेकंदाची धरली तर बारा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला पाच.

या संथपणाचा परिणाम नाडीवर बोट ठेवून तपासता येतो. श्वास आत येताना हृदयाचे ठोके किंचित भरभर पडतात, बाहेर जाताना मंदावतात. रेचक लांबला की मंदावण्याची वेळही लांबते. इटलीतले हृदयविज्ञानाचे संशोधक लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली एक सुंदर गोष्ट दाखवली. कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळतात. जपाची लांबी पिढ्यान्‌पिढ्यांनी श्वासाच्या मापानंच बेतली असावी, असं ते वाचून मला वाटलं.

श्वासाला असं मापून बघण्याचं काम मात्र आपल्या लोणावळ्यात फार आधी सुरू झालं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रिया चालू असताना क्ष-किरण चित्रं घेणं, पोटातला आणि छातीतला दाब मोजणं, श्वासातल्या वायूंची तपासणी करणं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी आरंभलं. प्राणायामानं शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, या लाडक्या समजुतीला त्यांनी स्वतःच्याच प्रयोगांच्या आधारे धक्का दिला. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू एरवीही जवळपास पुरेपूर भरलेला असतो. प्राणायामाचं मोल साठवणीत नाही. मज्जासंस्थेला आणि मनाला जी शिस्त लागते त्यात आहे. योगावर नितांत श्रद्धा असलेल्या माणसानं योगाची सोयीची कीर्ती नाकारावी, याचा मला फार आदर वाटतो.

चौथ्या महिन्यात अनुलोम-विलोम. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडायचं; अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी डाव्या. दाबायची जागा नाकाच्या हाडाखाली, जिथे ते संपून मऊ भाग सुरू होतो. दाब किती? “फुलाची पाकळी चुरगळणार नाही इतका.” एकीनं घ्यायचा, दुसरीनं सोडायचा, तिनंच घ्यायचा, पहिलीनं सोडायचा. काही दिवसांतच कळलं की दोन्ही नाकपुड्या सारख्या मोकळ्या सहसा नसतात. एक वाहती, दुसरी अर्धी मिटलेली, आणि काही तासांनी उलट. स्वरशास्त्रात चंद्रनाडी आणि सूर्यनाडी म्हणून हे जुनं ज्ञान आहे. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी 1895 मध्ये ते वैद्यकाच्या भाषेत नोंदवलं. इतकी वर्षं हे नाक घेऊन वावरले आणि त्याची ही पाळी मला ठाऊक नव्हती.

चूक केली ती कुंभकात, म्हणजे श्वास आत धरून ठेवण्यात. एका चित्रफितीत पाहिलेलं 1:4:2 हे प्रमाण मी घरी सुरू केलं: पाच मात्रा पूरक, वीस कुंभक, दहा रेचक. आठवडाभरात कानशिलं ठणकू लागली, रात्री दोनला जाग येऊ लागली, घरातल्यांवर उगाच आवाज चढू लागला. ताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “एकदा करून दाखवा,” म्हणाल्या. मी वीसपर्यंत धरला आणि सोडला. तो सुटला नाही, निसटला. फुग्याचं तोंड सुटावं तसा. “बघा. कुंभकानंतरचा रेचक घाईनं सुटला, तर कुंभक झालाच नाही असं समजायचं.” कोंडलेल्या श्वासात साचत जाणारा कर्बवायू मेंदूला हाका मारत असतो, आणि त्या हाका दाबून आकडा वाढवला की मज्जासंस्थेत धास्ती भरते. पंधराव्या शतकातले स्वात्माराम ‘हठप्रदीपिके’त हेच बजावतात: वन्य पशूला माणसाळवावं तसा वायू सावकाश वश करावा, नाहीतर तो साधकावरच उलटतो. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ताई कुंभक देतच नाहीत. मला त्यांनी महिनाभर पुन्हा तांदळाच्या पिशवीकडे पाठवलं.

त्या महिन्यात एक साधी गोष्ट उमगली. मराठीत श्वासालाही दम म्हणतात आणि धीरालाही. धावत आलेल्याला आपण ‘जरा दम खा’ म्हणतो, उतावळ्याला ‘दम धर’. मी दम धरला होता तो फक्त फुप्फुसात.

पतंजलींनी सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा. त्याच्यापुढे प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. प्राणायामानं मन धारणेला लायक होतं, असं ते सांगतात. म्हणजे ही सगळी मशागत, पेरणी पुढे. श्वास स्थान, काळ आणि संख्या यांनी पारखावा असं सांगून ते लगेच अशा चौथ्या प्रकाराकडे वळतात, जो आतबाहेरच्या हिशेबापलीकडे जातो. वर्गात हे फार साधेपणानं येतं. दहा फेऱ्या झाल्या की ताई म्हणतात, “हात खाली. मोजणी सोडा. आता फक्त शेजारी बसा त्याच्या.” नाकपुडीच्या कडेवर लक्ष ठेवायचं, ते भटकलं की परत आणायचं, ही धारणा. आणण्याची गरज उरली नाही, तेलाच्या धारेसारखं ते तुटेनासं झालं, की ध्यान.

माझं लक्ष सतत तुटतं. दुधाचा हिशेब येतो, कालच्या पानात राहिलेली चूक येते. पण गेल्या पावसाळ्यात एका सकाळी रेचक संपला आणि पुढचा श्वास आला नाही. मी अडवला नव्हता. त्यालाच घाई नव्हती. छपराच्या पन्हळीतून थेंब पडत होते ते ऐकू येत होते, आणि ऐकणारं कोणी निराळं आहे असं वाटत नव्हतं. मग श्वास आला. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वर्षानं मिळालं होतं. मी ताईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “छान. उद्या त्याची वाट बघू नका.”

तो क्षण तसाच पुन्हा आलेला नाही. पण फोनवर कोणी चढ्या आवाजात बोलू लागलं की माझा श्वास गळ्याशी येऊन थांबतो, हे आता थांबत असतानाच कळतं. मग मी आधी सोडते, उत्तर नंतर देते.

दर सोमवारी आमच्या वर्गात सगळे पुन्हा जमिनीवर आडवे होतात. पंधरा वर्षं येणारेही, कालच आलेलेही. टोपली फिरते, जो तो आपली पिशवी पोटावर ठेवतो, खोली शांत होते. आणि उजाडत्या उजेडात तीस पिशव्या आपापल्या लयीत वर जातात, खाली येतात.