सामाईक टिपणसंग्रहांतील मार्गव्यवस्था

संशोधकांच्या मंडळ्या अलीकडे आपलीं टिपणें आंतरजालावरील सामाईक संग्रहांत ठेवूं लागल्या आहेत. यांपैकीं पुष्कळ संग्रह ज्या विकी नामक पद्धतीवर चालतात, तिचा पहिला नमुना वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं सुरू केला. शब्द हवाई बेटांतील भाषेचा, अर्थ 'त्वरित'. लिहिणें त्वरित होतें यांत संशय नाहीं. लिहिलेलें सांपडणें हा निराळा प्रश्न होय. टिपण न सांपडल्यामुळें एकानें वाचलेलें मोडी पत्र दुसरा पुन्हां वाचीत बसतो, व दोन वाचनांतील भेद कोणाच्याच लक्षांत येत नाहीं.

दप्तरांतील कागद एकच, म्हणून तो एकाच रुमालांत बसणार. वसईच्या मोहिमेचा हिशेब मोहिमेंत ठेवावा कीं जमाखर्चांत, हा पेंच त्यामुळेंच पडतो. विकींत एक पान अनेक वर्गांत नोंदवितां येतें. असें असूनही नवे लोक रुमालांत रुमाल बांधीत जातात, आणि वाचकास पांच गांठी सोडाव्या लागतात!

खरी अडचण नांवांची. बाजीराव म्हणजे १७२० ते १७४० चे पेशवे कीं १७९६ ते १८१८ चे? नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव कीं १८५७ चे धोंडोपंत? अशा नांवाचें निःसंदिग्धीकरणाचें पान करून तेथून दोहोंकडे वाटा द्याव्या. उलटपक्षीं, व्यक्ति एक व नांवें दोन असल्यास मुख्य पान एकच ठेवून दुसऱ्या नांवावरून पुनर्निर्देशन करावें. लेखनभेदासही हाच उपाय. 'पुणें' व 'पुणे' हीं यंत्रास दोन भिन्न नांवें आहेत.

शोधयंत्रानें वाचक एकदम मधल्याच पानावर उतरतो. त्याची स्थिति अष्टाध्यायी मध्येंच उघडणाऱ्या विद्यार्थ्यासारखी होते. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांतील ४९ वें सूत्र कर्मसंज्ञा सांगतें. परंतु २३ व्या सूत्रापासून कारकाचा अधिकार चालू आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास त्याचा अर्थ पुरता लागत नाहीं. पाठशाळेंत ही अनुवृत्ति गुरुजी सांगत. पानाच्या माथ्यावरील 'पेशवेकाल – मोहिमा – वसई' अशी एक ओळ तेंच काम करिते.

ज्या पानाकडे एकही दुवा येत नाहीं अशा पोरक्या पानांची यादी मीडियाविकी ही संगणकप्रणाली आपण होऊन देते. दर तिमाहीस ती पाहून प्रत्येक पान योग्य ठिकाणीं जोडण्याचें काम एका नेमलेल्या सभासदाकडे असावें. आपलें पान सहज सांपडतें असें प्रत्येक लेखकास वाटतच असतें. पानाचें नांव बदलल्यास त्यानें जुन्या नांवावर पुनर्निर्देशन राहूं द्यावें, नाहींतर छापील लेखांत पूर्वीं दिलेले पत्ते निरुपयोगी होतात.